कहाणीला ऐकणारी हवी

मन्नत मी दवाखान्याच्या जिन्यात मागितली. अम्मीच्या गळ्यातली गाठ काढून दोन दिवस झाले होते आणि तिच्या तोंडातून नुसती हवा येत होती. आवाजाची नस गाठीला चिकटलेली होती, ती दुखावली आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. आवाज बहुतेक परत येतो, म्हणाले, वेळ लागतो. मी खोलीत जाऊन अम्मीला सांगितलं, आवाज परत येतो, वेळ लागतो. ‘बहुतेक’ मी जिन्यातच ठेवलं. परत येऊन तिथेच एका पायरीवर बसले, ओढणी डोक्यावर घेतली आणि मनात म्हणाले, बीबी, अम्मीचा आवाज येऊ दे, मी तुमची कहाणी वाचीन. मी स्वतः, मोठ्यानं, बायकांसमोर.

आमच्यात बायका ही मन्नत फार करतात. बीबी म्हणजे पैगंबरांची मुलगी, हज़रत फातिमा. अडचणीच्या वेळी त्यांचं नाव घ्यायचं, आणि अडचण सरली की बायकांना बोलावून त्यांची कहाणी वाचायची, वर मिठाई वाटायची. एवढंच. वाचायला एक बाई लागते आणि ऐकायला निदान एक तरी. आमच्याकडे वाचणारी नेहमी अम्मीच असायची. ‘मी स्वतः’ असं मी कशाला म्हणाले, हे मला खाली उतरेपर्यंत कळलं नाही. कदाचित देण्यासारखं अवघड असं माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

बीडमध्ये आमची शिया घरं बोटांवर मोजण्याइतकी. मोहरमच्या दहा दिवसांत एकेका घरी बायकांची मजलिस भरते. मजलिस म्हणजे करबलाची हकीकत सांगायची, ऐकायची आणि रडायचं. ती हकीकत अम्मी सांगते. इमाम हुसैन यांची बहीण, बीबी ज़ैनब, भाऊ आणि मुलं गमावून कैदी म्हणून दरबारात उभी राहिली आणि बादशहाला तोंडावर सुनावलं, तो भाग अम्मी वाचायला लागली की पाठीमागे चहाचे कप धुणाऱ्या बायकाही नळ बंद करून येतात. अम्मी एरवी बुटकी आहे. त्या वेळी वाटत नाही.

मी त्याच बाईची मुलगी. शाळेत असताना वक्तृत्व स्पर्धेत स्टेजवर गेले, दोनदा ‘गुड मॉर्निंग’ म्हणाले आणि खाली उतरले. इंग्रजी शाळा, त्यामुळे उर्दू लिपी मला धड येत नाही. कुराण वाचण्यापुरती अरबी अक्षरं शिकले, पण अम्मीचं कहाणीचं पुस्तक मला एकेक शब्द चाचपडत वाचावं लागतं. कॉलेजला अंबाजोगाईला होते तेव्हा हॉस्टेलवर माझी सजदागाह मी कंपासपेटीत ठेवायची. नमाज पढताना आमचं कपाळ मातीवर टेकलं पाहिजे, म्हणून करबलाच्या मातीची बिस्किटाएवढी गोल वडी आम्ही जवळ बाळगतो. ती सजदागाह. खोलीत दोन हिंदू मुली होत्या आणि एक मुसलमान, पण शिया नव्हे. तिघीही चांगल्या होत्या. एकीनं विचारलं, हे काय? मी सांगितलं. मग दुसरीनं विचारलं, मग तिसरीनं, आणि प्रत्येक उत्तराला नवा प्रश्न येत गेला. कुणी वाईट बोललं नाही. तरी त्यानंतर मी खोली रिकामी असतानाच नमाज पढू लागले. दुपारच्या दोन नमाजा आम्ही लागोपाठ पढू शकतो, याचे मी त्या काळात रोज आभार मानले. एकदाच खोली रिकामी मिळाली तरी पुरायचं.

अम्मीचा आवाज आला तो फेब्रुवारीत. रोज सकाळी ती आरशासमोर बसून, सांगितल्याप्रमाणे लांब ‘आ’ काढायची, आणि तो दाराच्या बिजागरीसारखा यायचा. मग एका सकाळी पालीची मावशी दूध घालायला आली. ही मावशी पाली गावातल्या, म्हशी राखणाऱ्या घरातली, गेली कित्येक वर्षं आमच्या गल्लीत दूध घालते. तिनं पातेल्यात दूध ओतलं, अम्मीनं आत डोकावून पाहिलं आणि स्पष्ट म्हणाली,

“आज पातळ आहे.”

मावशी माप हातात धरून थांबली. “आली का ग बया वाचा? अन् आली ती बी माझ्याच दुधावर.”

“खरंच पातळ आहे.”

“उन्हाळा लागलाय भाबी. म्हस काय माझी सासू हाय व्हय, रोज एकसारखी राहायला?”

अम्मी हसली, आणि ते हसूसुद्धा ऐकू आलं. मी आत जाऊन शुक्राचा, म्हणजे आभाराचा, सजदा केला. कपाळ सजदागाहवर टेकवून बराच वेळ तशीच राहिले. ती माती नेहमी थंड असते. उन्हाळ्यातही.

त्यानंतर मन्नत फेडायची राहिली. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. दर गुरुवारी मला काहीतरी काम निघायचं. मी घरूनच संगणकावर काम करते, त्यामुळे कामाचं निमित्त कधीही काढता येतं. अखेर रमज़ान झाला, ईद झाली, आणि अम्मी एके दिवशी भाजी निवडताना म्हणाली, “मोहरम आया तो फिर कहानी नहीं होती. खुशी की चीज़ है. तेरे दिल में क्या है?”

तिला कसं कळलं, माहीत नाही. मी सांगितलं. जिना, पायरी, ‘मी स्वतः’, सगळं.

अम्मीनं मेथीची जुडी खाली ठेवली. “मन्नत मांगने के पहले मेरेकू पूछना तो था. ‘अम्मी वाचेल’ म्हणाली असतीस तर बीबी काय नाही म्हणाल्या असत्या?”

“तेव्हा तुला आवाज नव्हता.”

“हौ,” ती म्हणाली, आणि पुन्हा मेथी हातात घेतली. “ते बी खरंच.”

दुसऱ्या दिवसापासून तिनं मला कहाणी लिहून द्यायला सुरुवात केली. ती सांगायची, मी वहीत देवनागरीत उतरवायची. तिला फार बोलायची मनाई होती, म्हणून दुपारी दहा मिनिटं. वही अजून माझ्याकडे आहे. कुठे तिचा आवाज फाटला ते मला अक्षरावरून आठवतं, कारण तिथे मी थांबून वर पाहिलं होतं.

कहाणी अशी. एका बाईचं लेकरू कुंभाराच्या पेटत्या भट्टीत पडतं. आई रडून रडून बेशुद्ध होते. तिला एक बुरखा घेतलेली बाई दिसते. ती म्हणते, बीबींची कहाणी ऐकायची मन्नत कर, तुझं मूल मिळेल. मूल भट्टीतून हसत बाहेर येतं. मग ती आई मिठाई घेते आणि कहाणी सांगायला, ऐकायला कुणी मिळतं का म्हणून दारोदार फिरते. कुणाला स्वयंपाक असतो, कुणाला पाहुणे. एकीलाही वेळ नसतो. शेवटी ती गावाबाहेर रानात जाते, तिथे तीच बुरख्यातली बाई भेटते, तिला खाली बसवते आणि कहाणी सांगते. बीबींना श्रीमंताच्या लग्नाचं बोलावणं आलं आणि त्यांच्याकडे ठिगळांच्या चादरीशिवाय काही नव्हतं, तिथून ती सुरू होते.

माझे एक चुलतमामा मदरशात शिकलेले आहेत. ते म्हणतात, ही कहाणी कुठल्या भरवशाच्या किताबात नाही, बायकांनी चालवलेली आहे. अम्मी त्यांच्याशी वाद घालत नाही. त्यांना चहा देते. मला स्वतःला कहाणीपेक्षा दुसरी गोष्ट जास्त जवळची वाटते, आणि ती तर किताबात आहे. बीबींच्या हाताला जातं ओढून ओढून घट्टे पडले होते. त्या वडिलांकडे गेल्या, घरकामाला कुणीतरी मदतीला द्या, असं मागायला. वडिलांनी माणूस दिलं नाही, तसबीह दिली. चौतीस वेळा अल्लाहु अकबर, तेहतीस वेळा अलहम्दुलिल्लाह, तेहतीस वेळा सुब्हानअल्लाह. प्रत्येक नमाजनंतर मी ती बोटांवर मोजते. लहानपणी मला वाटायचं, हे काय उत्तर झालं? दवाखान्यातल्या त्या दिवसांत मात्र मला तेच एक उत्तर वापरता आलं. मदतीला माणूस नव्हतं, अब्बा औषधांच्या रांगेत असायचे, आणि मी पलंगाच्या कडेला बसून बोटं मोजायची. अम्मीचा हात हातात असला की तिच्या बोटांवर मोजायची. ती डोळे मिटून मनात जोडीला म्हणायची. बोट दाबलं की कळायचं, कुठवर आलो.

तर गुरुवार ठरला. आता मला एक कबुली द्यायची आहे. तो गुरुवार मी ठरवला, आणि मला माहीत होतं की त्याच दिवशी परळीला एका नातलगांकडे लग्न आहे आणि आमच्यातल्या बहुतेक बायका जाणार आहेत. मी व्हॉट्सअॅपवर साधा निरोप टाकला. बहुतेकींनी माफी मागितली. दोघी खाला म्हणाल्या, आम्ही येतो. दोघींसमोर मी वाचू शकेन, असा माझा हिशेब होता.

गुरुवारी दुपारी एका खालांचा फोन आला, गाडीत जागा झाली, त्याही परळीला निघाल्या. दुसऱ्यांच्या नातवाला ताप. अम्मीनं बेसनाचे लाडू केले होते, सतरंजी घातली होती, अगरबत्ती लावली होती. सतरंजीवर मी एकटी.

“अम्मी, तू बस ना. तू ऐक.”

“मेरेकू मत गिन. मला ती तोंडपाठ आहे. मीच तुला सांगितली, मीच ऐकू?”

“मग पुढच्या गुरुवारी.”

अम्मीनं माझ्याकडे पाहिलं. ती रागावली नव्हती. तिचा आवाज त्या दिवशी जरा बसलेला होता, म्हणून ती हळू बोलली. “बेटा, लग्नाची तारीख मला बी माहीत होती.”

मला वाटलं, सतरंजीत शिरावं. कहाणीत ज्यांना वेळ नसतो त्या बायकांचा मला लहानपणी फार राग यायचा. मी तर ऐकणाऱ्या बायका येऊच नयेत अशी तजवीज केली होती. ती पण मन्नत मागून, आवाज मिळाल्यावर.

तेवढ्यात फाटक वाजलं. पालीची मावशी. सकाळी तिची म्हैस अडली होती म्हणून दूध राहिलं होतं, ते घेऊन ती दुपारी आली होती. चेहरा उन्हानं काळवंडलेला. अम्मीनं तिला पाणी दिलं. तिनं आत पाहिलं, सतरंजी, लाडू, अगरबत्ती.

“कुनाचं काय हाय?”

“मन्नत आहे. कहाणी वाचायची होती,” अम्मी म्हणाली. “पण ऐकणारी नाही.”

“मग मी हाय की.” मावशीनं चपला काढल्या. मग एकदम थांबली. “पर मी भाकर खाऊन आले. चालंल का?”

“का नाही चालणार?”

“आमच्यात रविवारची कहाणी असती. त्यातबी ती बाई ऐकनारीला हुडकीत गावभर फिरती. पर ऐकनारी उपाशी लागती. पोट भरल्यालीला काय दुसऱ्याचं ऐकू येतंय?” तिनं हात-पाय धुतले, पदर डोक्यावर घेतला आणि सतरंजीच्या कडेला बसली. “तुमच्यात चालतंय तर सांग बाई. अन् चार तांदूळ दे.”

तांदूळ कशाला, ते मला कळेना. अम्मीनं आतून चिमूटभर आणून दिले. मावशीनं ते उजव्या मुठीत धरले आणि मूठ मांडीवर ठेवली.

मी वही उघडली. पहिली दोन वाक्यं वाचली. वहीतली भाषा अम्मीची, मजलिसची उर्दू. मावशी माझ्याकडे बघत होती, पण तिच्यापर्यंत काही पोहोचत नव्हतं.

“कळलं का?” मी विचारलं.

“न्हाई. पर तू वाच, छान वाटतंय.”

मी अम्मीकडे पाहिलं. ती दाराला टेकून उभी होती आणि काहीही सांगायच्या बेतात नव्हती. मी वही मांडीवर उलटी ठेवली आणि मराठीत सांगायला लागले. “एका नगरात एक स्त्री वास्तव्य करत होती.”

“असं पुस्तकातलं कावून बोलायलीस? गेलतीस का तिथं? एक बाई व्हती म्हन.”

“एक बाई होती,” मी म्हणाले. “तिला एक लेकरू होतं.”

“हं,” मावशी म्हणाली.

पुढे प्रत्येक वाक्याला ती ‘हं’ म्हणत गेली. तो हुंकार आला की माझं पुढचं वाक्य आपोआप यायचं. लेकरू भट्टीत पडलं तेव्हा तिनं मूठ घट्ट केली. बायकांना वेळ नव्हता तेव्हा म्हणाली, “असत्यात अशा.” त्या वेळी मी खाली पाहिलं. बीबींच्या ठिगळाच्या चादरीपाशी तिनं स्वतःच्या पदराचं टोक नकळत हातात घेतलं. मला किती वेळ लागला, मला सांगता येणार नाही. आवाज मोठा होता की नाही, तेही माहीत नाही. पण ती एकदाही “काय?” म्हणाली नाही.

शेवटी मी तिला जात्याची गोष्टही सांगितली. ती कहाणीत नव्हती. माझ्याकडून अधिकची. घट्टे पडलेले हात, वडिलांकडे मागायला जाणं, आणि मिळालेली तसबीह. मावशी म्हणाली, “बाप मोठा व्हता, दिलं असतं एखादं मानूस. पर मग तिला आपल्यासारखीचं काय कळलं असतं?”

कहाणी संपली. मावशीनं मूठ उघडून तांदळांकडे पाहिलं, मग खोलीकडे पाहिलं. तिच्या घरी ते देवापुढे वाहतात, हे मला नंतर कळलं. आमच्या खोलीत मूर्ती नाही, तसबीर नाही. अम्मीनं थोड्या वेळापूर्वी नमाज पढली होती आणि मुसल्ला अजून कोपऱ्यात अंथरलेला होता. त्याच्यावर सजदागाह. मावशी उठली, वाकली आणि चिमूटभर तांदूळ तिनं नीट त्या गोल वडीवर ठेवले. हात जोडले.

ज्या वस्तूला मी चार वर्षं कंपासपेटीत झाकून ठेवलं ती अशी उघड्यावर, वर तांदूळ. कपाळ टेकायची जागा माती किंवा मातीतून उगवलेलं पण न खाण्याजोगं असावं, असा आमचा नियम आहे. तांदूळ तर खायचीच गोष्ट. नियमाचं वाक्य तोंडाशी आलं होतं.

मावशीला माझा चेहरा दिसला. “चुकलं का माझं? काय हाय ते?”

“माती आहे,” मी म्हणाले. “करबलाची. आमचे इमाम जिथे शहीद झाले, तिथली.”

कुणी विचारल्यावर मी हे इतक्या सरळ कधी सांगितलं नव्हतं. मी पुढच्या प्रश्नाची वाट पाहिली. तो आला नाही.

“मातीच वाटली म्हनून ठिवले,” मावशी म्हणाली. “आमच्या देवाच्या ठाण्याचीबी माती आमी कपाळाला लावतो. मला वाटलं, हितं दुसरं हाय तरी काय ठिवायला?”

“चुकलं नाही,” अम्मी म्हणाली. ती खाली बसली, एकेक दाणा बोटानं उचलून तिनं ओढणीच्या टोकात बांधला आणि सजदागाह ओढणीनंच पुसली. मग मावशीच्या हातात लाडू दिला. मावशीनं तिथेच खाल्ला. दुसरा पदरात बांधून घेतला.

ती गेल्यावर मी विचारलं, “अम्मी, मी बायकांसमोर म्हणाले होते. एकच आली. झाली का मन्नत?”

“कहाणीत तरी किती आल्या होत्या?” अम्मी म्हणाली. रात्रीच्या भातात तिनं ते दाणे टाकले. अब्बांना काही सांगितलं नाही. त्यांनी नेहमीसारखाच भात खाल्ला.

या वर्षीच्या मोहरमला अम्मी वाचणार हे नक्की झालं आहे. आवाज पूर्वीसारखा नाही, वरच्या पट्टीत थोडा चिरतो. एक खाला म्हणाल्या, दरबाराच्या ठिकाणी तर उलट जास्त लागेल काळजाला. मी कप धुणाऱ्यांत असेन आणि नळ बंद करीन. मला त्याहून जास्त काही नको होतं.

पण मोहरमला दहा-बारा दिवस राहिले असतील, सकाळी फाटकाशी मावशी आली ती दुधाबरोबर गुळाची ढेप घेऊन. कापडात बांधलेली.

“हे कशाला?” मी विचारलं.

तिनं आधी आत पाहिलं, कुणी ऐकत नाही ना. “हसशील.”

“नाही हसणार.”

“त्या दिशी म्हस अडली व्हती. रेडकू आडवं. मी दूध घालायला आले खरी, पर जीव तिकडंच. मुठीत दाणे व्हते तवा तुमच्या बीबीला म्हनलं, लेकरू भट्टीतून काढलं, माझ्या म्हशीचं बी तेवढं बग. घरी गेले तर रेडकू उभं. म्हस चाटायलीय त्याला.” तिनं ढेप माझ्या हातात दिली. “म्हशीसाठी चालतंय का न्हाई, मला म्हाईत न्हाई. पर मी तर मागून बसले. आता तूच सांगनारी. माझ्या जावंला बी आनते, दोघी उपाशी येतो. कवा येऊ?”

पूर्वीची मी असते तर म्हणाले असते, अम्मीला विचारून सांगते. ढेप जड होती. तिचे हात गुळानं चिकट झाले होते आणि तळव्यावर दावणीच्या दोरीचे घट्टे होते. तिला उत्तर हवं होतं, आणि ते देणारी फाटकाशी मी एकटीच होते.

“गुरुवारी या,” मी म्हणाले. “चार वाजता. आणि जेवून आलात तरी चालेल.”

आतून अम्मीनं विचारलं, बाहेर एवढ्या मोठ्यानं कोण बोलतंय.